हाताला काम
(स्वागताध्यक्षीय भाषण)



महाराष्ट्र-गोव्याहून आलेल्या तुम्हां सर्वांचं काशीकर मराठी मंडळींच्या वतीनं रामनगरात स्वागत. आमची वस्ती गंगेपलीकडे, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत. मग वृद्धाश्रमातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर बोलायला या काठावर का बोलावलं, असं काहींनी विचारलं. कारण इथली रामलीला.

तिकडे आपण अनंत चतुर्दशीला गणपती बोळवतो, त्याच दिवशी इथे रामलीला सुरू होते आणि 31 दिवस चालते. अयोध्या, जनकपूर, लंका गावभर पसरलेल्या. प्रेक्षक लीलेमागून चालतो. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. संवादाआधी लीलेचे सूत्रधार, म्हणजे व्यास, ओरडतात, ‘चुप रहो, सावधान!’ की मैदान गप्प. नेमानं रोज येणाऱ्यांना ‘नेमी’ म्हणतात आणि त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ. त्यांची कोणी करमणूक करत नाही, त्यांना तिथं काम असतं. रामायणी गातात ती चौपाई पोथीत काढायची, आरतीला उभं राहायचं, उद्याची लीला कुठे ते लक्षात ठेवायचं.

आपल्या वृद्धाश्रमांत मात्र टीव्हीवर भजन लावून दिलं की ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ झाली! जिनं आयुष्यभर पंगती उठवल्या त्या बाईपुढे बालवाडीचं रंगवायचं पुस्तक ठेवतात. ती ते भिरकावते आणि नोंदवहीत शेरा पडतो, ‘सहकार्य करत नाही’. मीही भिरकावलं असतं.

हा आजार बहुधा ताज्या आठवणी आधी नेतो. हाताला पडलेलं वळण मात्र बरंच टिकतं. नातवाचं नाव न सांगता येणारी आजी फुलवात वळू शकते. चिमूटभर कापूस विंचरायचा, मध्ये बारीक गोळी ठेवायची, कडा वर घ्यायच्या, दुधाचं बोट लावून टोक पिळायचं. ‘आजी, वाती करा’ म्हटलं तर कदाचित ती नुसती बघत राहील. शेजारी बसून पहिली वात तुम्हीच वाकडीतिकडी वळा. हातातून हिसकावून घेईल. मात्र त्या वाती संध्याकाळी देवापुढे लागल्याच पाहिजेत. तिन्हीसांजेला ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, नेमकं तेव्हाच निरांजन तिच्या हाती द्यावं, सेविकेनं जवळ उभं राहून. आणि पोस्टात नोकरी केलेल्या आजोबांना वाती कशाला? त्यांना पत्रं लावायला द्या.

एवढी माणसं कुठून आणायची, हा व्यवस्थापकांचा नेहमीचा प्रश्न. ब्रिटनमधल्या 69 शुश्रूषागृहांतला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. सेवकांना माणूस ओळखून काळजी घ्यायला शिकवलं आणि आठवड्याला तासाभराची सोबत, गप्पा एवढं साधलं, तर रुग्णांचं जगणं सुधारलं, चिडचिड कमी झाली. आपल्या गोव्यात संगाथ संस्थेनं 81 कुटुंबांबरोबर केलेलं काम 2008 साली छापून आलं. ते घरच्या रुग्णांपुरतं होतं, हे खरं. पण घरोघर जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक होते, आणि त्यांच्यामुळे काळजी घेणाऱ्यांचा ताण हलका झाला. तेव्हा माणसं नाहीत ही सबब मला फारशी पटत नाही.

इथली अडचण आणखी एक. सेविका भोजपुरी बोलणाऱ्या, आणि मराठी आजीची हिंदी पुष्कळदा मराठीच्या आधी जाते. ‘जेवलात का?’, ‘कुठे दुखतंय?’, ‘बसा हं’ एवढं तरी सेविकांना शिकवायला हवं. दुपारच्या सत्रात यावर बोलणं व्हावं, ही माझी विनंती.

जेवणात रामनगरचा भंटा आहे. या वांग्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही त्याचं भरीत करतो आहोत. वांगी भाजून तयार आहेत, सोलायला हात कमी पडताहेत. पहिलं सत्र संपलं की ज्यांना जमेल त्यांनी मागच्या अंगणात यावं, पाट मांडून ठेवलेत.