शहाणी मुलगी
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



‘आमची पोरगी फार शहाणी हो, बापाचं सगळं तीच बघते,’ हे वाक्य वस्तीत फिरताना कितीदा ऐकू येतं! बापाला लकवा झालेला, आई धुणीभांडी करायला पहाटेच बाहेर पडलेली. मग आठवीतली मुलगी बापाचं अंग पुसते, भांडं देते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला कुशीवर वळवते, गोळ्या देते. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ती फक्त ‘गैरहजर’ असते.

बाईचं घरकाम हेही कामच आहे, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. पण आई मजुरीला गेली की ते काम थोरल्या मुलीवर येतं. भावाची शिकवणी सहसा बुडत नाही. ‘शहाणी’ म्हणून तिचं कौतुक करण्यात आपणही सामील असतो.

2016 साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. पण ही मुलगी कुणाकडे नोकरीला नाही, म्हणून तो कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्यानं अशा मुलांना कोणती मदत हवी, हे तपासण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. आपल्याकडे हे आपणच सुरू करू या.

तिचं बापावर प्रेम आहे, म्हणून ती तक्रार करणार नाही. आपणच तिच्या घरी जायला हवं. आईला दोष द्यायला नव्हे, तर सकाळचे चार तास कोण वाटून घेईल, हे ठरवायला. काका, भाऊ, शेजारी, गटातल्या आपण बायका! भावाला बापाला कुशीवर वळवता येत नसेल, तर शिकवू या. शाळेत बाईंना खरं कारण सांगू या. अपंगत्वाचा दाखला, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज यांसाठी आईसोबत जाऊ या. पालक गंभीर आजारी असतील तर बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता येते. 2023 साली तिची मदत दरमहा 2,250 रुपये झाली.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या गल्लीतल्या अशा एका घराची माहिती आणावी. त्या मुलीला एकच विचारा, ‘तू शेवटची शाळेत कधी गेलीस, बाळ?’