पक्षाघात आणि ज्ञातिबांधवांचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मला संकोच वाटला. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म खडूफळ्यापाशी घालविलेला एक निवृत्त शिक्षक. परंतु सन २०२१ पासून माझ्या घरी पक्षाघाताचा रोगी आहे. त्या अंथरुणापाशी जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच माझा अधिकार.

त्या वर्षी एका पहाटे माझ्या पत्नीच्या हातून चहाचा पेला निसटला. तोंड एका बाजूस ओढले गेले, बोलणे अडखळू लागले, उजवा हात उचलेना. कोणी म्हणाले, वारे लागले, तेल चोळा. कोणी पारव्याचे रक्त चोळणारा माणूस सुचविला. मी तेल चोळले, निजल्या ठिकाणीच तिला गरम दूध पाजण्याचा यत्न केला आणि ‘थोडे थांबून पाहू’ म्हणून बसून राहिलो. रुग्णालय गाठले तेव्हा सहा तास उलटून गेले होते. कोणी मला दोष दिला नाही. पुढे जे समजले त्यामुळे तो मीच मला रोज देतो.

पक्षाघात हा हातापायांचा रोग नसून मेंदूचा आहे. मेंदूस रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते अथवा फुटते. बहुतेक रोग्यांत गुठळीच कारण असते. ती विरघळविणारे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सी. टी. स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही अशी खात्री पटल्यावर. काही रोग्यांची गुठळी त्यानंतरही नळीवाटे काढता येते. परंतु प्रत्येक मिनिटागणिक मेंदूचा आणखी भाग मृत होत असतो. म्हणून मुले पाढे पाठ करतात तसे आपण चार गोष्टी पाठ कराव्यात : तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा जड झाली, तर घड्याळ पाहावे आणि तत्क्षणी १०८ क्रमांकास फोन करून सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तोंडावाटे पाणी वा औषध काहीही देऊ नये. गिळण्याची शक्ती गेली असल्यास ते श्वासनलिकेत उतरते. या रोगाचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो बहुधा मुकाट असतो. म्हणून तो तपासून घ्यावा आणि बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत.

रोगी घरी आला म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदलावी, नाही तर पाठीस जखमा होतात. लुळा हात धरून ओढू नये, खांदा दुखावतो. जेवण बसवून, लहान घासांनी भरवावे. उजवे अंग गेलेल्या पुष्कळांची वाचाही जाते, कारण उजव्या अंगाचे आणि बहुतेकांच्या वाचेचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते. शब्द गेले म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे. तरीही भेटीस येणारे माझ्या पत्नीशी बहिऱ्याशी बोलावे तसे ओरडून बोलत, आणि तिचे डोळे भरून येत. मी जुनी चित्रे आणि पाटी काढली. चार महिन्यांनी ती पहिला शब्द बोलली, तो ‘मीठ’. आमटी अळणी झाली होती.

महात्मा जोतीराव फुले यांस सन १८८८ मध्ये पक्षाघात होऊन उजवे अंग निकामी झाले. तरी डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर सन १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या डाव्या हाताचे स्मरण आपण आदराने करतो. परंतु घराघरांतून रोग्यास उठविणारे, भरविणारे, धुणारे जे दुसऱ्याचे हात असतात त्यांची नोंद कोठेही होत नाही.

आमच्या घरी ते हात सूनबाईंचे. त्यांनी पतपेढीतील नोकरी सोडली. येणारा प्रत्येक जण विचारी, “सासूबाई कशा आहेत?” सूनबाई कशा आहेत, हे कोणी विचारले नाही, मीही नाही. एका रात्री दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला. जाऊन पाहतो तो त्या ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपल्या होत्या. त्या दिवशी मला कळले की या घरात रोगी एक नाही, दोन आहेत.

मंडळ शिष्यवृत्त्या देते, वधूवर मेळावे भरविते. हे भूषणावहच आहे. त्यांच्या जोडीस माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, दरवर्षी २९ ऑक्टोबर या जागतिक पक्षाघात दिनी प्रत्येक शाखेत डॉक्टरांचे व्याख्यान आणि रक्तदाबाची तपासणी व्हावी. दुसरी, चाकांची खुर्ची, वॉकर, हवेची गादी हे साहित्य मंडळाने विकत घेऊन गरजूंस वापरण्यास द्यावे, आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे अर्ज भरण्यास आम्हां निवृत्त शिक्षकांस जुंपावे. तिसरी व मुख्य सूचना सेवापाळीची. आठवड्यातून दोन तास कोणीतरी रोग्यापाशी बसावे, म्हणजे शुश्रूषा करणारीस झोप घेता येईल, माहेरी जाऊन येता येईल. ही पाळी स्त्रियांनीच द्यावी असा अर्थ पुरुषांनी करून घेऊ नये, आणि दारी गेल्यावर कोणाची ज्ञातीही विचारू नये.

हे अशक्य नाही. आज सूनबाई चार वर्षांत प्रथमच भावाकडे गेल्या आहेत आणि मी आपणांपुढे उभा आहे, तो शेजारच्या एका सद्गृहस्थांनी दोन तासांची पाळी पत्करली म्हणून. ते दोन तास आता संपत आले आहेत. तेव्हा मी आपली रजा घेतो.