सही करण्यापूर्वी वाचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



किराण्याच्या वहीतली बेरीज आपण दोनदा तपासतो. मग शाळेच्या रजिस्टरवर न वाचता सही का करतो? मीही एकदा केली. निंदणाचे दिवस होते. शाळेचा शिपाई घरी आला, म्हणाला, "बाई, इथे सही." ज्या सभेला मी गेलेच नव्हते, तिथे मी हजर ठरले! मुलींच्या संडासाचे मोडके दार दुरुस्त करणे त्या सभेत "सर्वांच्या संमतीने" पुढे ढकलले होते. कळले तेव्हा मला बोलायला तोंड उरले नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती घालून दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. सरकारी शाळेत अनुदान कसे खर्च होते, यावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की, समितीच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहता येते का, हे कार्यालयाने आपणहून जाहीर करावे. नाही केले, तर १० रुपये भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आपल्या धामणगावच्या स्टेशनावर गाडीची वेळ फलकावर असते. तशी सभेची वेळही शाळेच्या फलकावर चार दिवस आधी लागू द्या. आणि ती वेळ बाया वावरातून परतल्यानंतरची असू द्या. एवढे आपण मागू या.