गाडीचे मायलेज: कागदावरचे आणि रस्त्यावरचे

कंपनीने सांगितलेले मायलेज ताडकळस ते परभणी प्रवासात का मिळत नाही? कारण ते मोजले जाते पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत. तिथे चाके रोलरवर फिरतात. चाचणी सुमारे २० मिनिटांची, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद.

आपल्याकडे मात्र खड्डे, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या, माणसांनी भरलेली गाडी आणि मे महिन्यात सतत चालणारा एसी. प्रत्येक ब्रेकनंतर पुन्हा वेग घेताना इंधन जास्त जळते. म्हणून कंपनीचा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता वापरा.

खरे मायलेज स्वतः काढा. टाकी पूर्ण भरा, गाडी चालवा, पुन्हा पूर्ण भरा. धावलेल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. मायलेज वाढवायचे तर टायरमधली हवा योग्य ठेवा, वेग एकसारखा ठेवा. इंधन नक्की वाचेल.