आभाळातून दिसणारं शिवार

लातूर-नांदेडकडं सोयाबीनचं पान पिवळं पडलं की शेतकऱ्याच्या काळजात धस्स होतं. उपग्रहाला हा धोका बऱ्याचदा त्याआधीच दिसू शकतो. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवतं. पिकाला ताण बसला की ते प्रमाण घटतं. उपग्रहाचा कॅमेरा हाच फरक टिपतो.

एके काळी असे उपग्रह आणि ते नेणारी रॉकेटं म्हणजे इस्रोचंच काम. खासगी कंपन्या सुटे भाग पुरवत. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं घडली, तसे रॉकेटचे भागही घडले. २०२० मध्ये केंद्र सरकारनं ‘इन-स्पेस’ या संस्थेची घोषणा केली. खासगी कंपन्यांना परवानगी देणं आणि इस्रोच्या सुविधा मिळवून देणं, हे तिचं काम. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं ‘विक्रम-एस’ श्रीहरिकोट्याहून झेपावलं. देशातलं हे पहिलं खासगी रॉकेट.

एप्रिल २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण मंजूर झालं. आता कंपन्या स्वतःचे उपग्रह बनवून चालवू शकतात. सरकारी उपग्रहांची ५ मीटर किंवा त्याहून ढोबळ तपशिलाची चित्रं मोफत खुली असावीत, असंही धोरण सांगतं. म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर ५ बाय ५ मीटर. एका एकरात असे सुमारे १६० ठिपके बसतात.

बांधावरची चक्कर अशा चित्रांनी चुकणार नाही. पण आधी कुठल्या बांधावर जायचं, ते मात्र कळेल.