काळी पाचचा हट्ट



आत्ता माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली, ती बरोबरच आहे. पण काहींना मी दहावीच्या गॅदरिंगची 'संगीतकार' म्हणून आठवत असेन. एका द्वंद्वगीताला मी चाल लावली होती. माझी पहिली आणि शेवटची. त्याबद्दलच बोलायचंय.

गाणारे दोघे आणि मी, तिघंही बोईसरचे. तालीम गाडीतच व्हायची. बोईसर सुटलं की मुखडा, उमरोळीला अंतरा, पालघरला उतरायच्या आत सगळं संपवायचं. गाडीत पेटी नव्हती. तो मित्र आपल्याला झेपेल तो सूर धरायचा आणि छान गायचा. मैत्रीण तिच्या सुरात. मेळ बसत नाही म्हणून मी मात्र वैतागायचे.

शाळेत पेटीवर बसले आणि काळी पाच धरली. ती मैत्रिणीची पट्टी. त्याचा आवाज त्याच वर्षी फुटत होता. "अगं, वर पोचत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "सा एकच असतो. सराव कर."

कार्यक्रमात अंतऱ्याला त्याचा आवाज चिरकला. हॉल हसला. पेटीवरची मीही हसले. नंतर तो शाळेत कधी गायला नाही.

बऱ्याच वर्षांनी पुण्यात मी अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांची जसरंगी ऐकली. (अश्विनीताईंची डॉक्टरेट भाभा अणुसंशोधन केंद्रातली, हे तारापूरकरांना सांगायलाच हवं!) जसरंगी ही पंडित जसराजांची कल्पना. स्त्री-पुरुषांच्या जुगलबंदीत एकाला दुसऱ्याच्या पट्टीत ओढाताण करत गावं लागतं. इथे तसं नाही. पुरुषाचा जो मध्यम, तोच बाईचा षड्ज. दोघं आपापल्या पट्टीत, दोन वेगळे राग गातात. आधार मूर्च्छनेचा, म्हणजे तेच सूर, फक्त 'सा' कुठे मानायचा ते बदलायचं.

माझा विश्वास बसेना. घरी येऊन पेटी उघडली. काळी एकला सा मानून आभोगी वाजवला: काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी पाच. मग काळी तीनला सा मानलं आणि त्याच पाच पट्ट्या वाजवल्या. कलावती! एकही पट्टी बदलली नव्हती. रात्री दीड वाजेपर्यंत मी तेच वाजवत बसले होते.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बंद पडला की आधी वापरणाऱ्याला दोष देतात. मीही तेच केलं होतं. दोष चालीत होता, माझ्या हट्टात होता. गाडीत तो रोज आपला सा मला ऐकवत होता.

तो आज आलाय. तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही. हसल्याबद्दल मला माफ कर. तीच पेटी मी बोईसरहून आणली आहे, स्टेजच्या मागे ठेवलीय. जेवणाआधी ये. पट्टी तू सांगायची.