घरच्या संगणकावरील तण : ओळख आणि बंदोबस्त

आज आपण तणाविषयीच बोलणार आहोत. पण हे तण हळदीच्या वाफ्यातलं नाही, घरातल्या संगणकावर उगवणारं आहे. कृषी खात्याच्या माणसाला यात काय कळतं, असं आपल्या मनात आलं असेल. पण आता सातबारा संगणकावर निघतो, अनुदानाचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात, आणि बँकेचं खातंही मुलं तिथंच उघडून बघतात. तेव्हा या यंत्राची राखण हेही शेतीचंच काम झालं.

मागच्या उन्हाळ्यात हट्ट्याच्या एका शेतकऱ्याकडे माती परीक्षणाची पत्रिका द्यायला गेलो होतो. घरात थोरल्या मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला जुना संगणक होता. "साहेब, ह्या डब्याला काय झालंय बघा बरं, नुसत्या जाहिराती यायलेत," असं ते म्हणाले. आदल्या दिवशी सातबारा काढायला बसल्यावर पडदा एकदम लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि मजकूर आला : तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करू नका, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. आठच दिवसांपूर्वी वसमतच्या बाजारात हळद विकलेली, पट्टीचे पैसे खात्यात जमा झालेले. पोरगं घाबरलं आणि त्यानं फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. 'तुमचा संगणक मी इथूनच दुरुस्त करतो, फक्त एक सॉफ्टवेअर उतरवून घ्या,' म्हणाला. ते उतरत होतं आणि तेवढ्यात लाईट गेली.

ते सॉफ्टवेअर कशाचं होतं हे मी समजावून सांगितलं. त्याने आपल्या संगणकाचा ताबा दूर बसलेल्या माणसाच्या हाती जातो. मग तो तुमच्याच देखत बँकेचं पान उघडायला लावतो आणि 'तपासणीसाठी' म्हणून ओटीपी विचारतो. लाईट गेली म्हणून आनंद झालेलं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता यातली मेख समजून घ्या. तो लाल पडदा म्हणजे इंटरनेटवरचं एक साधं पान असतं. त्या पानाला तुमच्या संगणकाच्या आतलं काही दिसत नाही. रस्त्यानं जाणाऱ्यानं बांधावर उभं राहून 'तुमच्या हळदीवर करपा पडलाय, माझंच औषध घ्या' म्हणून ओरडावं, आणि शेतात पाऊलसुद्धा टाकलेलं नसावं, तसा हा प्रकार. जो जो ते पान उघडेल त्या प्रत्येकाला तेवढेच व्हायरस 'सापडतात'. खरी खूण एकच लक्षात ठेवा. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. नंबर दिसला की तो इशारा खोटा.

फोनवरचे हे लोक कुठे आभाळात नसतात. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. तिथे बसून आपलीच मुलं अमेरिकेतल्या लोकांना आयकर खात्याचे अधिकारी म्हणून धमकावत होती आणि पैसे उकळत होती. शिकलेसवरलेले अमेरिकन जिथं फसले, तिथं हट्ट्याचं पोरगं घाबरलं तर त्याला रागावण्यात अर्थ नाही. त्याला रागावलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाही, आणि ते जास्त महागात पडेल.

असा पडदा आला तर भोंग्याकडे लक्ष देऊ नका. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण काही वेळ दाबून धरा, म्हणजे पूर्ण पडदा व्यापलेलं पान लहान होतं आणि त्याची फुली दिसते. तेही जमलं नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. कामांची यादी उघडेल. तीत क्रोम किंवा एज जे असेल ते निवडून 'एंड टास्क' करा. काहीच सुचलं नाही तर संगणक सरळ बंद करा. 'बंद करू नका' असं तो चोर सांगतो, आपण त्याचं ऐकायला बांधलेलो नाही. पुन्हा सुरू केल्यावर 'आधीची पानं उघडू का' असं विचारलं तर नको म्हणा.

एवढ्यानं तण वरून कापलं गेलं, गाठी जमिनीतच आहेत. लव्हाळा नुसता खुरपला तर चार दिवसांत पुन्हा वर येतो, हे आपल्याला मी सांगायला नको. इथल्या गाठी तीन ठिकाणी असतात.

पहिली आणि सगळ्यांत जास्त आढळणारी म्हणजे सूचनांची परवानगी. एखादं पान उघडताना 'अलाऊ' आणि 'ब्लॉक' अशी दोन बटणं येतात. सिनेमा किंवा गाणं उतरवायच्या घाईत पोरं 'अलाऊ' दाबतात. एकदा परवानगी मिळाली की ते संकेतस्थळ पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खोटे इशारे पाठवत राहतं. ही परवानगी काढण्यासाठी क्रोमच्या वरच्या उजव्या बाजूच्या तीन टिंबांवर जा. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स असं उघडा. परवानगी दिलेल्यांची यादी दिसेल. ओळखीचं नसेल ते नाव काढून टाका. हट्ट्याच्या त्या घरी ही यादी पडद्यावर मावत नव्हती. अर्धा त्रास तिथेच संपला. मोबाईलवर असे इशारे येत असतील तर तिथल्या क्रोममध्येही हीच जागा शोधा.

दुसरी गाठ एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या उपऱ्या अवजारांची. त्याच तीन टिंबांत ती यादी सापडते. आपण स्वतः बसवलं नसेल ते काढा.

तिसरी गाठ खोल असते. गाजरगवत आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्याला प्रथम दिसलं आणि ते परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. गहू मागितला होता, गवत कुणी मागितलं नव्हतं. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवताना असंच होतं. आपल्याला हवी ती वस्तू येते आणि तिच्या पोत्यात जाहिराती दाखवणारं दुसरं काहीतरी येतं. सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीत जा, तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास काय आलं ते बघा. अनोळखी असेल ते अनइन्स्टॉल करा. 'संगणक वेगवान करतो', 'मोफत साफसफाई' अशी नावं दिसली तर आधी त्यांच्यावरच संशय घ्या. चोरलेल्या सॉफ्टवेअरच्या 'क्रॅक' फायली तर घरात आणूच नका.

हे झाल्यावर तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज सिक्युरिटी नावाचा राखणदार मुळातच असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून 'फुल स्कॅन' लावा. याला तास-दोन तास किंवा जास्तही लागतात, म्हणून लाईटीचं वेळापत्रक बघून लावा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानं २०१७ पासून मोफत साधनं दिली आहेत, त्यांत आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. मात्र एक सांगून ठेवतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना संगणक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर त्यावर ११ चालतं का हे दुकानदाराला आधी विचारा.

सातबारा शोधताना यादीत सर्वांत वर येणारी पानं पुष्कळदा जाहिराती असतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघूनच पुढे जा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. कुणी पाचशे मागत असेल तर पान चुकलं.

आणि कुणी आधीच फोन केला असेल, ताबा दिला असेल, तर लाजू नका. आधी इंटरनेट तोडा. मग १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवून व्यवहार थांबवा. पैसे गेल्यावर पहिले काही तास मोलाचे असतात, कारण पुढच्या खात्यातून ते काढून घेण्याआधी अडवता येतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून बदला. त्या माणसानं बसवायला लावलेलं सॉफ्टवेअर काढून टाका, आणि पूर्ण तपासणी होईपर्यंत त्या संगणकावर बँकेचं काम करू नका.

हट्ट्याच्या त्या घरी आम्ही संध्याकाळी तपासणी लावून दिली. सकाळी मुलाचा फोन आला, दोन वस्तू सापडल्या आणि निघाल्या म्हणून. १९३० हा नंबर त्याच्या आईनं खडूनं भिंतीवर लिहून ठेवला आहे, गॅसच्या नंबराच्या खाली.